सोलापुरातून परदेशी सहलीला निघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातून परदेशी फिरायला जाणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. चादरीच्या कारखानदारापासून डाळिंबाच्या बागाईतदारापर्यंत आणि निवृत्त शिक्षिकेपासून नव्या जोडप्यापर्यंत सगळेच निघतात. बुकिंगच्या टेबलासमोर बसल्यावर मात्र प्रश्न तेच तेच येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. सगळ्या उत्तरांत एक आग्रह दिसेल: कागद हातात आल्याशिवाय परत न मिळणारे पैसे कुठंही अडकवू नका. माणसं कष्टाचे पैसे घालवतात ती बहुतेक इथंच.

आधी काय ठरवायचं? देश, तारीख की तिकीट?

आधी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर आणून ठेवा. मुदत कधी संपते, नावं कशी लिहिली आहेत, कोरी पानं किती उरली आहेत, एवढं बघा. मग सुट्टीच्या तारखा, त्यानंतर देश, मग व्हिसा किती दिवसांत मिळतो त्याचा अंदाज आणि सगळ्यात शेवटी तिकीट. बरेच जण ‘ऑफर आज रात्री संपतेय’ म्हणून तिकीट आधी काढतात आणि मग धाकट्याचा पासपोर्ट संपल्याचं लक्षात येतं. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. मोठ्यांचा दहा वर्षांचा असल्यामुळं मुलांचाही तेवढाच असेल असं आपण धरून चालतो.

पासपोर्ट सोलापुरातच काढता येतो का?

हो. हेड पोस्ट ऑफिसमध्ये पासपोर्ट सेवा केंद्र आहे. जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, त्यामुळं छापून येतो तो पुण्याहून. साधा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो, तत्काळला वर २,००० रुपये लागतात. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरच भरा. सर्चमध्ये वर येणारी काही खासगी पानं हुबेहूब सरकारी दिसतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, एवढं बघितलं तरी पुरे.

पोलिस पडताळणीत पत्ता नीट लिहिणं महत्त्वाचं असतं. शहराच्या हद्दीतला अर्ज आयुक्तालयाकडं जातो आणि तालुक्यातला ग्रामीण पोलिसांकडं. हद्दवाढीतल्या नगरांत राहणाऱ्यांनी आपलं पोलिस ठाणं कोणतं ते आधी विचारून घ्यावं, नाहीतर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. आणखी एक: १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरा कागद चालत नाही.

आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. चालेल का?

तिकीट पासपोर्टवरच्या नावानंच काढायचं, आधारचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र मूळ पासपोर्ट काढतानाच घोळ होतो आणि तो पुढं दहा वर्षं पाठ सोडत नाही, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये रकाने दोनच असतात: दिलेलं नाव आणि आडनाव. मधलं नाव पहिल्या रकान्यात जातं. एका घरात वडिलांनी मधलं नाव घातलं, आईनं नाही घातलं, मुलाचं आडनावाच्या रकान्यात गेलं, असं झालं की व्हिसाच्या फॉर्मवर तिघं एका घरातले वाटतच नाहीत. शहरात पद्मशाली समाजातले बरेच जण तेलुगू पद्धतीनं आडनाव आधी लिहितात. शाळेच्या दाखल्यावर ते तसंच असतं आणि फॉर्म भरणारा ते ‘दिलेलं नाव’ म्हणून टाकून मोकळा होतो. स्पेलिंगचंही तेच. एकाच आजीबाईंचं ‘लक्ष्मीबाई’ आधारवर ‘एक्स’ घालून, पॅनवर ‘केएसएच’ घालून आणि बँकेत नुसतंच ‘लक्ष्मी’ असतं. हे सगळं आधी एकसारखं करून घ्या, त्याला दोन-तीन महिने गेले तरी चालतील.

आडनावाचा रकाना कोरा असेल तर दुबईला जाणाऱ्यांनी विशेष जपावं. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरात पर्यटक व्हिसावर एकच शब्द असलेलं नाव स्वीकारत नाही. जुन्या पिढीतल्या बऱ्याच बायकांच्या पासपोर्टवर नुसतंच ‘शांताबाई’ असतं. त्यांचा पासपोर्ट दुरुस्त करून घेतल्याशिवाय तिकिटाला हात लावू नका.

लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं नाही. माहेरच्या नावानं पासपोर्ट असेल तर त्याच नावानं तिकीट, त्याच नावानं व्हिसा आणि सोबत विवाह नोंदणीचा दाखला. हनिमूनला निघालेल्या मुलींना मी हेच सांगतो. लग्नाच्या धांदलीत नवा पासपोर्ट काढायला बसलात तर सहल हुकेल.

पासपोर्टची मुदत अजून चार महिने आहे. जाऊन येऊ का?

नको. बहुतेक देश पोहोचण्याच्या दिवसापासून सहा महिने मुदत मागतात आणि नसेल तर विमान कंपनीच काउंटरवर अडवते. आधी नूतनीकरण करा.

मे महिन्यात कुठं जावं आणि दिवाळीत कुठं?

मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, म्हणून ‘गार कुठं असेल ते सांगा’ हीच मागणी असते. तेव्हा युरोप उत्तम. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर मेमध्येही बर्फ असतो. हॉलंडची ट्यूलिपची बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, त्यामुळं फुलांसाठी जाणाऱ्यांनी शाळेची परीक्षा संपली की लगेच निघावं, मेअखेर कोणी नेतो म्हणाला तरी ऐकू नये. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो, तेही मेला चालतं. दुबईला मात्र मेमध्ये जाऊन काय मिळवायचं? एका उन्हातून उठून दुसऱ्या उन्हात. फुकेत आणि क्राबीच्या किनाऱ्यावर मेपासून पाऊस धरतो, समुद्र खवळतो आणि बोटीच्या सहली रद्द होतात. स्वस्त पॅकेज त्याच महिन्यातलं का निघतं, हे आता कळलं असेल.

दिवाळीत दुबईची हवा सुधारायला लागते, नेपाळमध्ये आकाश मोकळं असतं आणि थायलंडचा पाऊस ओसरत असतो. मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे दा नांग आणि होई आनच्या बाजूला, तेव्हा जोराचा पाऊस असतो. एजंट तो भाग दिवाळीत सुचवत असेल तर कारण विचारा.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा मूळचा सोलापूरकर गाव सोडत नाही. पण ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी संक्रांतीनंतरचे दोन-तीन आठवडे सोन्यासारखे. नवीन वर्षाची गर्दी ओसरलेली असते, तिकिटं उतरलेली असतात आणि आग्नेय आशियातल्या बऱ्याच ठिकाणी हवा छान असते.

व्हिसा लागत नाही असे देश कोणते?

नेपाळ आणि भूतानला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. मोठ्या माणसांनी नुसतं आधार घेऊन नेपाळच्या विमानासाठी जाऊ नये. भूतानमध्ये भारतीयांना दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, ते पॅकेजमध्ये धरलं आहे का ते बघा. मॉरिशसला आधी व्हिसा काढावा लागत नाही, मालदीवला पोहोचल्यावर फुकट मिळतो.

थायलंडनं जुलै २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहायची मुभा दिली. मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची दिली, तीही ठरावीक तारखेपर्यंत वाढवत वाढवत आणली आहे. अशा सवलती येतात आणि जातात, म्हणून बुकिंगच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाचं पान उघडून बघणं आलंच. व्हिसा नाही म्हणजे कागदच नाहीत असंही नाही. थायलंडला १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. मलेशिया आणि सिंगापूरलाही असंच कार्ड आहे. तिन्ही फुकट आहेत. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरमध्ये घरबसल्या मिळतो, तिथंही नकली पानांचा सुळसुळाट आहे.

युरोपचा व्हिसा आम्हाला मिळेल का? नोकरी नाही, शेती आहे / दुकान आहे.

मिळतो, कागद नीट मांडले तर. हा प्रश्न विचारताना लोकांच्या चेहऱ्यावर जी धास्ती असते ती बघवत नाही. पगाराची स्लिप नसली म्हणजे आपण कोणी नाही असं त्यांना वाटतं.

शेंगेन व्हिसा २९ देशांना चालतो, त्यात ब्रिटन नाही. मोठ्या माणसाला शुल्क ९० युरो आणि वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाखर्च. निघण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मेच्या सहलीसाठी जानेवारीतच अपॉइंटमेंट धरा, मार्चनंतर पुण्या-मुंबईच्या तारखा मिळता मिळत नाहीत. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडं अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथं आधी उतरणार त्याच्याकडं. ‘या देशाचा लवकर मिळतो’ म्हणून भलत्याच देशाकडं अर्ज केला आणि सहलीचा आराखडा दुसराच निघाला तर नकार ठरलेला. आणि नकाराचा शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावा लागतो.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, सोलापुरात ती सोय नाही. म्हणजे पुणे किंवा मुंबईची एक फेरी खर्चात आणि रजेत धरून चला. पाच वर्षांच्या आत शेंगेनसाठी ठसे दिलेले असतील तर बऱ्याचदा पुन्हा लागत नाहीत.

आता शेतकऱ्याचं. व्हिसा अधिकाऱ्याला दोनच गोष्टी पटवायच्या असतात: खर्च झेपेल आणि माणूस परत येईल. ऊसबिल कारखान्याकडून थेट बँकेत येतं, ते स्टेटमेंटमध्ये दिसतंच. डाळिंबाचे, द्राक्षाचे पैसे आडतीवर रोखीनं घ्यायची सवय असेल तर सहलीच्या आधीचा हंगाम तरी बँकेतून घ्या आणि पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, जपून ठेवा. सातबारा इंग्रजीत भाषांतर करून जोडा. उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्र भरत जा, दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं असली की बाजू पक्की होते. आणि एक साधं पत्र लिहा: आमचं उत्पन्न हंगामी आहे, अमुक महिन्यात माल निघतो, म्हणून खात्यात त्या महिन्यात मोठी रक्कम दिसते. हे पत्र नसेल तर ती रक्कम कोणीतरी उसनी टाकल्यासारखी वाटते.

दुकानदारानं गुमास्ता परवाना, जीएसटी विवरणपत्रं आणि चालू खात्याबरोबर बचत खात्याचंही स्टेटमेंट द्यावं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याकडून तीन लाख आणून खात्यात टाकू नका. ते लगेच ओळखू येतं.

विमान मुंबईहून पकडावं, पुण्याहून की हैदराबादहून?

सवयीनं सगळे मुंबई म्हणतात. पण नकाशा मांडून बघा. सोलापूरहून हैदराबाद साधारण तीनशे किलोमीटर, मुंबई चारशेच्या वर. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करत संगारेड्डीपुढं बाह्यवळण रस्त्याला लागलं की हैदराबाद शहरात न शिरता थेट शमशाबादचा विमानतळ येतो. मुंबईत शेवटचे तीस किलोमीटर काय करतील याचा नेम नाही. हैदराबादहून दुबई, दोहा, सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉकला थेट विमानं आहेत. तेव्हा दोन्हीकडचे दर बघून मगच ठरवा. तिकीट हजार-दोन हजारानं महाग असलं तरी मुंबईतला हॉटेलचा मुक्काम वाचला तर हिशेब हैदराबादच्याच बाजूनं झुकतो.

पुण्याहून थेट परदेशी विमानं मोजकीच आहेत, दुबई आणि बँकॉक अशी. ती वेळ जुळली तर सगळ्यात सोयीचं, कारण पुण्यात कोणी ना कोणी नातेवाईक असतोच.

मुंबईच ठरली तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी दादरला उतरता येतं. दुपारनंतरचं विमान असेल तर हे उत्तम. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे, पहाटे सहाच्या सुमाराला निघते आणि दुपारी एकच्या आत मुंबईत. रात्रीच्या विमानाला ती सोयीची. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढं वार बघून घ्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, म्हणून विमानाचं तिकीट झालं की रेल्वेच्या तारखेची खूण मोबाइलमध्ये करून ठेवा. आषाढी वारीच्या दिवसांत पुण्याकडचा रस्ता आणि गाड्या दोन्ही भरलेले असतात, त्या आठवड्यात एक दिवस जास्तीचा धरा.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख दोनदा वाचा. तिकिटावर ‘१२ मे, रात्री १२.४०’ असेल तर तुम्हाला ११ मेच्या रात्री नऊ-साडेनऊला विमानतळावर असायला हवं. म्हणजे वंदे भारतचं तिकीट ११ तारखेचं हवं आणि रात्री निघणाऱ्या सिद्धेश्वरचं १० तारखेचं. बारा तारखेची गाडी काढून बसलेले लोक दरवर्षी भेटतात. मुंबईत विमानतळही आता एकच राहिला नाही, नवी मुंबईचाही सुरू झाला आहे. तिकिटावरचं नाव वाचूनच टॅक्सी सांगा.

आता सोलापूरहून मुंबईला विमान आहे. तेच जोडून घेतलं तर?

२०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोवा आणि मुंबईची विमानं सुरू झाली, याचा आनंद आपल्या सगळ्यांना आहेच. पण परदेशी विमानाला जोडताना भान ठेवा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा पोहोचलं किंवा रद्द झालं तरी दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. सामानही मुंबईत उतरवून पुन्हा द्यावं लागतं. एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे मिळत असतील तर खुशाल घ्या. नाहीतर मधे एक रात्र ठेवा. येताना जोडलं तर धोका कमी, उशीर झालाच तर सिद्धेश्वर आहेच.

टूर कंपनीबरोबर जावं की स्वतः बुकिंग करावं?

पहिल्यांदा जाणारे, सोबत सत्तरीचे आई-वडील, युरोपात आठ-दहा दिवसांत पाच देश, जेवण भारतीयच हवं: ग्रुप टूर घ्या. सगळं कोणीतरी सांभाळतं आणि बसमध्ये मराठी बोलणारी माणसं असतात, याचं मोल पहिल्या सहलीत फार असतं. बँकॉक, सिंगापूर, दुबई, बाली अशा ठिकाणी तरुण जोडपं किंवा कॉलेजातली मुलं असलेलं घर स्वतः सहज करू शकतं. मधला मार्गही आहे: विमान आणि हॉटेल स्वतः, आणि तिथल्या फिरण्याच्या सहली स्थानिक कंपनीकडून एकेक दिवसाच्या.

स्वतः करत असाल तर व्हिसा येईपर्यंत हॉटेल ‘मोफत रद्द’ प्रकारातलंच घ्या, दहा टक्के महाग पडलं तरी.

एजंटनं कोटेशन दिलंय. त्यात काय बघायचं?

समोर ठेवून ओळीओळीनं वाचा. समजा वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘युरोप, ७ रात्री ८ दिवस, माणशी अमुक’. खाली बारीक अक्षरात ‘एक्स मुंबई’ असेल तर सोलापूर ते मुंबई तुमचं तुम्ही. ‘ट्विन शेअरिंग’ म्हणजे खोलीत दोघं धरून दर, एकट्या मावशी असतील तर वेगळा वाढीव. सात रात्रींतली एखादी विमानातच जाते का, ते मोजा. हॉटेलचं नाव लिहिलं नसून ‘किंवा तत्सम’ असेल तर शहरापासून किती किलोमीटर ते विचारा, कारण पॅरिसचं म्हणून दिलेलं हॉटेल पॅरिसपासून तासाभरावर असू शकतं. ‘फोटो स्टॉप’ आणि ‘प्रवेशासह’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात आयफेल टॉवर रस्त्याच्या पलीकडून दिसतो, दुसऱ्यात तुम्ही वर जाता. मग व्हिसा शुल्क, विमा, गाइड आणि ड्रायव्हरची टिप, दुपारची जेवणं, जीएसटी आणि टीसीएस (पॅकेजवर आगाऊ गोळा होणारा आयकर): यातलं काय आत आहे आणि काय बाहेर, ते लेखी घ्या.

सगळ्यात खालची ओळ रद्द करण्याची. किती दिवस आधी रद्द केलं तर किती कापणार आणि व्हिसा नाकारला तर काय परत मिळणार? या दोन प्रश्नांवर जो एजंट ‘काळजी नका करू, आपण बघून घेऊ’ म्हणतो, त्याला पैसे देऊ नका. माणूस कितीही ओळखीचा असो. पावती घ्या, पैसे कंपनीच्या खात्यात द्या आणि तिकीट हातात आलं की त्यावरचा पीएनआर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

हा टीसीएस काय प्रकार आहे? पैसे गेले का?

गेले नाहीत. परदेशी पॅकेज घेताना विकणारी कंपनी तुमच्या पॅनवर हा कर आगाऊ गोळा करते. तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या करजमा पत्रकात दिसतो. विवरणपत्र भरताना देय करातून वजा होतो, कर बसत नसेल तर परतावा मिळतो. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, बुकिंगच्या दिवशीचा दर बिलावर लिहून घ्या. ज्याच्या पॅनवर बिल, त्यालाच परतावा. म्हणून आजोबांच्या नावावर बिल करून ते विवरणपत्र भरणारच नसतील तर उपयोग नाही. जीएसटी मात्र परत येत नाही.

पैसे कसे न्यावेत?

थोडी रोख, बाकी कार्ड. फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून घेतलेलं कार्ड) किंवा परकीय व्यवहाराला जादा आकार न लावणारं कार्ड घ्या, साध्या क्रेडिट कार्डावर दोन ते साडेतीन टक्के जातात. परदेशातल्या दुकानात मशीन विचारतं, ‘रुपयांत की इथल्या चलनात?’ नेहमी तिथलंच चलन निवडा, रुपये निवडले की दर वाईट लागतो. परकीय नोटा एका फेरीत ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, भारतीय रुपये २५,००० पर्यंत. ५०,००० रुपयांच्या वरचं परकीय चलन रोखीनं विकत मिळत नाही, चेक किंवा बँकेतून द्यावं लागतं.

यूपीआय सिंगापूर, दुबई, नेपाळ, श्रीलंकेत काही ठिकाणी चालतं, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. आणि आपलं सिम काढून घरी ठेवू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

प्रवास विमा खरंच लागतो का?

शेंगेनला किमान ३०,००० युरोचा सक्तीचा आहे. बाकीकडं सक्ती नसली तरी घ्याच. साठीच्या पुढच्यांचा बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी लपवून स्वस्त पॉलिसी काढू नका. दाव्याच्या वेळी पहिला कागद तोच मागतात.

केनियाला जंगल बघायला जातोय. काही लस?

पीतज्वराची. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. पुण्या-मुंबईत आहेत. दाखला नसेल तर परत आल्यावर भारतातच सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतली की जन्मभर चालते.

शेंगा चटणी, कडक भाकरी नेता येते का?

न्याच! कडक भाकरी इतका चांगला प्रवासी पदार्थ दुसरा नाही: हलकी, टिकाऊ, ना तूप ना दूध. शेंगा चटणीही कोरडी असल्यामुळं चालते, पण चेक-इनच्या बॅगेत ठेवा. केबिनमध्ये पुडी उघडून दाखवत बसावं लागतं. लोणचं, ठेचा असं तेलाचं काही १०० मिलीपेक्षा जास्त हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इनमध्ये ठेवताना दोन पिशव्यांत बांधा, तेल झिरपलं की नव्या साड्या गेल्या.

काय नेऊ नये तेही लिहून ठेवा. खसखस दुबईत आणि सिंगापुरात बंदी घातलेली आहे, अगदी मसाल्यातली, अनारशावरचीसुद्धा. दिवाळीत लेकीकडं फराळाचा डबा नेणाऱ्या आयांनी हे विसरू नये. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या पेट घेऊ शकतात म्हणून. युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप घरीच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर मोठा दंड आहे.

विमानात शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर दोन दिवस आधी तिकिटावर नोंदवा, ऐनवेळी मिळत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

आईच्या गोळ्या?

मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, निम्म्या केबिनमध्ये आणि निम्म्या बॅगेत. कोडीन किंवा ट्रॅमाडोल असलेली औषधं दुबईला परवानगीशिवाय नेऊ नका. साध्या खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असतं.

‘तुमचं नाव सोडतीत निघालंय, जोडीनं हॉटेलवर या, परदेश सहल भेट’ असा फोन आला. जावं का?

जाऊ नका. तिथं दोन-तीन तास बसवून वर्षानुवर्षांचं सदस्यत्व गळ्यात मारतात आणि सही झाली की पैसे परत मिळवणं फार कठीण जातं. ‘पर्यटक व्हिसावर जा, तिथं नोकरी लावून देतो’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. बँकॉकच्या नावानं नेऊन म्यानमारच्या सीमेवर कोंडलेल्या भारतीय मुलांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पैशाची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा, तासाभरात केली तर रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

नवरा येत नाही, मी मुलांना घेऊन चाललेय. वेगळा कागद लागतो?

न येणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि मुलांचे जन्मदाखले जवळ ठेवा. सगळीकडं मागतातच असं नाही, पण मागितलं आणि नसलं तर मुलांसमोर फार अवघड होतं.

तिथं पासपोर्ट हरवला तर?

पोलिसांत तक्रार द्या, तिची प्रत घेऊन भारतीय दूतावासात जा. ते परत येण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देतात. पासपोर्टची आणि व्हिसाची छायाप्रत एक बॅगेत, एक मोबाइलमध्ये आणि एक सोलापुरात घरी ठेवलेली असेल तर काम लवकर होतं.

दुबईहून सोनं आणलं तर चालतं ना?

दागिन्यांची करमुक्त सवलत एक वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना असते. आठ दिवस फिरून येणाऱ्याला ती नाही, सोनं आणलं तर विमानतळावर लाल मार्गिकेतून, म्हणजे सीमाशुल्क लागणारा माल जाहीर करायच्या रांगेतून, जाऊन शुल्क भरायचं. आपल्या अंगावरचे जड दागिने नेणार असाल तर जाताना विमानतळावरच्या सीमाशुल्क खात्याकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे येताना ते तिथं घेतले नाहीत हे दाखवता येतं. त्यासाठी एक तास आधी पोहोचा. सराफाची पावती आणि दागिन्यांचे फोटो सोबत असू द्या.